पाहुणीच्या ताटातलं अंडं

ताई गेल्यावर तिच्या घरी माणसं येत होती. तिची नणंद दारापाशी बसून आल्यागेल्या बायकांना सांगत होती, बाई चांगली होती हो, कोणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, पण हात जरा आखडता. तिच्याकडे जेवायला बसलं की आपणच मागून घ्यायचं. अजून घे, पोटभर जेव, असं कधी म्हणून तिच्या तोंडून निघालं नाही. बायकांनी माना हलवल्या. हलवणारच, खोटं नव्हतं ते. मी आत कपबशा विसळत होते आणि सगळं ऐकू येत होतं. बाहेर जाऊन बोलायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ताई होती तोवर ती गोष्ट घरातल्या घरात होती. भावजींना माहीत आणि मला. मग मी कपबशा दोनदा विसळल्या.

ताई माझ्याहून बरीच मोठी. आईचं दुखणं कायमचं, त्यामुळे मला वाढवली ती ताईनेच. मी लहानपणी नुसती काडी होते. शेजारीण म्हणायची, हिला वारा सुटला की बाहेर सोडू नका गं. ताईने मला अंड्यांवर उभी केली. मला अंडं अजिबात आवडायचं नाही, वास आला तरी तोंड फिरवायचे. मग ती ते कुस्करून भातात लपवायची आणि हाताची पाची बोटं मिटून उघडून मगर करायची. "मगर आली बघ, कसं तोंड उघडते, तू पण उघड." मी उघडायचे, घास आत. असं करून करून मी अंग धरलं. ताईला त्याचा मोठा अभिमान होता. मी लग्न होऊन दोन पोरांची आई झाले तरी लोकांना सांगायची, हिला मी अंड्यांवर उभी केली.

आणि पुढे खरोखरच ती मगरींना जेवायला घालायच्या नोकरीला लागली, ही गंमत बघा.

प्राणीसंग्रहालयात आधी झाडूकाम होतं, मग तिला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या स्वयंपाकघरात घेतलं. स्वयंपाकघर म्हणायचं एवढंच, शिजवायचं काही नाही. लांबलचक पत्र्याचं टेबल, दोन मोऱ्या, एक मोठा फ्रीज आणि कोपऱ्यात अंडी उकडायला शेगडी. टेबलाच्या एका टोकाला ताई, तिच्याकडे मासे, कोंबडी, उंदीर. दुसऱ्या टोकाला पालेभाऊ, त्यांच्याकडे पाला, फुलं, भोपळा, गाजरं. त्यांना सगळे पालेभाऊच म्हणायचे, खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू यायचं. ताईच्या सुरीच्या मुठीला लाल फडकं बांधलेलं, पालेभाऊंच्या सुरीला हिरवं. फळ्या तशाच, ताटं तशीच. लाल ते हिरव्यात जायचं नाही आणि हिरवं लालमध्ये नाही, हा तिथला पहिला नियम. कामावर घेताना मुकादम दुसरं काही सांगायचा नाही, हे सांगायचा.

ताई घरी येऊन मला सगळं सांगायची. तिथे एक रुंद तोंडाची मोठी मगर होती, तिथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तिला अ‍ॅलिगेटर म्हणायच्या आणि ताई मावशी म्हणायची. मावशी तासन्‌तास आ वासून पडलेली असायची. दात एवढे, पण चावत नाही गं, गिळते नुसती, ताई सांगायची. पाणी गार झालं की जेवण बंद, पुढ्यात टाकलेली कोंबडी तशीच पडून राहते. ऊन वाढलं की मग चिमट्याने मासा धरायचा अवकाश, पाणी हलतं आणि मासा गेलेला असतो. मावशीची पिल्लं किडे खायची, गोगलगायी खायची, बेडूक खायची. घोरपडी उंदीर खायच्या. भिंतीवरच्या पालीएवढे बारके सरडे झुरळं खायचे. आणि काही सरडे निव्वळ पाला खायचे, कासवासारखे. हे शेवटचं काही ताईच्या डोक्यात बसत नव्हतं. ती म्हणायची, "अंग तसंच खवल्यांचं, नखं तशीच, शेपूट तसंच. दिसायला मावशीची सख्खी धाकटी बहीण. मोठी बहीण मासे हाणते आणि धाकटीने गवत खायचं, हा कुठला न्याय?"

त्यातच एक दिवस मावशीच्या तळ्यावर वाकलेल्या झाडाचं पिकलं फळ पाण्यात पडलं आणि मावशीने ते खाल्लं. सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खातात कधीकधी, त्यात नवल नाही. पण ताईला ते भलतंच पटलं. तिने त्यातून एवढंच घेतलं की वेळ आली की सगळे सगळं खातात, हिरवं लाल हे आपलं माणसांचं खूळ.

आणि मग पाहुणी आली.

पाहुणी म्हणजे इग्वाना, परदेशी सरड्याची जात. हिरवीगार, हातभर अंग आणि त्याहून लांब शेपूट, गळ्याखाली पदरासारखी लोंबती कातडी. कोणीतरी हौसेने घरात पाळली होती, न्हाणीघरात कोंडून, मग कंटाळून खोक्यात घालून फाटकाशी ठेवून दिली. हाडं मोजावीत अशी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला पाला, फुलं, थोडी फळभाजी. दुसरं काही नाही. खात नसेल तर वेळ द्या, ऊब द्या, खाईल. पाहुणी काही खाईना. पालेभाऊ पाला तीन पाण्यांनी धुवून, देठ काढून, बोटाएवढे तुकडे करून द्यायचे. पाहुणी एकदा जीभ लावायची आणि तोंड फिरवायची.

आता तोंड फिरवणारं कोणी दिसलं की ताईला चैन पडत नाही हे मी वेगळं सांगायला नको.

पालेभाऊ फाटकावर पाल्याची गोणी आणायला गेले की ताई त्यांच्या टोकाला जायची. उकडलेलं अंडं हिरव्या फळीवर हिरव्या सुरीने बारीक चिरायची आणि पाल्यात मिसळून टाकायची. लाल फळीवर चिरलं असतं तर पाल्याला माशांचा वास लागला असता आणि कोणी विचारलं असतं, म्हणून त्यांची फळी. पाहुणीने ताट साफ केलं. दुसऱ्या दिवशी पण. मग ताई मावशीच्या कोंबडीतले चार कोवळे तुकडेही त्यात घालायला लागली.

पाहुणी भरली. रंग चढला. ताई दिसली की काचेपाशी येऊन मान वरखाली करायची. आणि मजा म्हणजे वाहवा होत होती पालेभाऊंची. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, पालेभाऊ, तुमच्या हाताला चव आहे, आमच्या घरी पाठवा एखादं ताट. पालेभाऊ लाजून म्हणाले, "अहो देठ काढतो मी. लोक देठ काढत नाहीत, तिथे चुकतं." हे ताईने मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. "देठ म्हणे," ती म्हणायची आणि पुन्हा हसायची. त्यानंतर ती हसली नाही असं नाही, पण तसं हसणं मी परत ऐकलं नाही.

वर्ष सरलं असेल नसेल. पाहुणी सुस्त झाली. पाणी फार प्यायला लागली. मागच्या पायांचे सांधे सुजले, चढायची ती फांदी सोडून खाली कोपऱ्यात डोळे मिटून पडायला लागली. ताईला वाटलं अशक्तपणा आलाय, तिने अंडं वाढवलं. डॉक्टरीणबाईंनी सुया दिल्या, औषधं दिली. पाहुणी गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला उघडून पाहिलं आणि तशाच स्वयंपाकघरात आल्या, हातमोजे काढत काढत. म्हणाल्या, "मूत्रपिंडं सुजलेली. सांध्यांत पांढरं, खडूसारखं साठलेलं. पाल्याने हे होत नाही. हिला कोणीतरी अंडं नाहीतर मांस घालत होतं, आजकालचं नाही, बरेच दिवस." मग त्यांनी हिरवी फळी उचलून उजेडाकडे धरली. सुरीने पडलेल्या चिरांत पिवळा बलक वाळून बसला होता.

पालेभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, मी तीन पाण्यांनी धुतो."

"पाला धुता. फळी कोण धुणार?" मुकादम म्हणाला. "बरोबर आहे, देठ काढल्याने एवढी गुबगुबीत कशी झाली, हे तेव्हाच विचारायला पाहिजे होतं."

"आई शपथ मी नाही घातलं काही."

"फळी तुमची. सुरी तुमची. मग मी घातलं?"

ताई दुसऱ्या टोकाला उभी होती. हात मनगटापर्यंत माशांत. ती मला म्हणाली, छोटे, मला वाटलं मी आत्ता बोलणार. तोंड उघडलं पण होतं. पण समोर सगळे पालेभाऊंकडे बघत होते, माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, आणि मी एक मासा उचलून त्याचे खवले काढायला लागले. तो आधीच साफ केलेला मासा होता.

चौकशी होईपर्यंत पालेभाऊंची सुरी काढून घेतली आणि त्यांना फाटकावर गोण्या उतरवायला लावलं.

मी त्या संध्याकाळी तिच्याकडे गेले तर भावजी जेवत होते आणि ताई भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळं सांगितलं. भावजी घास चघळत म्हणाले, "एका पालीसाठी नोकरी घालवतेस?"

"पाल नव्हती ती."

"बरं, सरडा. मेला ना? तू बोललीस तर जिवंत होणार आहे? पालेभाऊ काय, चार दिवस गोण्या उचलेल, मग विसरतील सगळे. तुला मात्र हाकलतील."

"त्यांची पाठ दुखते. पट्टा लावून येतात ते."

"मग मलम पाठव."

ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांग." मला तिच्या नोकरीची काळजी वाटत होती आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. मी म्हटलं, "तू जेवून घे आधी." ती म्हणाली, "हे बघ. जेवून घे. आपल्याला दुसरं काही येतंच नाही."

पुढचे काही दिवस ती कामावर जायची आणि मान खाली घालून परत यायची. पालेभाऊ फाटकाशी वाकलेले दिसायचे म्हणून मागच्या दाराने आत जायची. म्हणायची, चोरासारखं नाही गं, चोरच.

मग एका सकाळी पालेभाऊ आपलं ॲप्रन घ्यायला स्वयंपाकघरात आले. बदली पक्की होणार असं कानावर आलं होतं त्यांच्या. सगळे होते, डॉक्टरीणबाई ताटं तपासत होत्या. मुकादम म्हणाला, "या या. आज कासवांना ऑम्लेट का?" दोघंतिघं हसले. पालेभाऊ पण हसले. ताई म्हणायची, ते हसले नसते तर मी अजून गप्प बसले असते. पण त्यांनी खोटं खोटं हसून ॲप्रनची घडी घातली, आणि माझ्याने बघवलं नाही.

ती म्हणाली, "अंडं मी पाल्यात घालत होते. आणि कोंबडी पण. पालेभाऊ गोणी आणायला गेले की त्यांच्या फळीवर."

नळ चालू होता तो मुकादमाने बंद केला.

"का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"खात नव्हती मॅडम. हाडं दिसत होती. मला वाटलं मावशीची बहीण, मावशीला फळ चाललं तर हिला अंडं का नाही चालणार."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "मावशी तिची बहीण नाही. लांबच्या नात्यातली पण नाही म्हटलं तरी चालेल. सरडे, घोरपडी, साप हे एका घरातले. मगरींचं घर वेगळं. मावशीला जवळचं कोण, तर पक्षी. ती बाहेर बसलीये ना कावळी, ती तिला पाहुणीपेक्षा जवळची."

"कावळी?"

"हो. खवले बघून नातं कळत नाही. आणि नातं कळलं तरी पोटात काय चालतं ते कळत नाही. घोरपड पाहुणीच्याच घरातली, पण ती उंदीर पचवते. पाहुणीला पालाच. तिची मूत्रपिंडं अंड्यासाठी नव्हती."

"ती मागायची मॅडम. मला बघून काचेशी यायची."

"मागणारच. आवडायचं तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई सांगायची, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी आजन्म त्यांचे पाय धुतले असते.

नोकरी गेली नाही. लाल सुरी काढून घेतली आणि तिला मोरीवर ताटं धुवायला ठेवलं. पालेभाऊ आपल्या टोकाला परत आले. ताईने त्यांच्यापुढे हात जोडले तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या ताई, झालं ते झालं," आणि तेवढंच. कधी टोमणा नाही, कधी वर आवाज नाही. एकच केलं त्यांनी. आधी त्यांची सुरी भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेली असायची. आता ते फाटकावर जाताना ती फडक्यात गुंडाळून ॲप्रनच्या खिशात घालून न्यायचे. चहाला जाताना पण. मोरी नेमकी त्या खिळ्याच्या समोर. ताई ताटं धुवायची आणि समोर रिकामा खिळा. वर्षानुवर्षं.

आणि घरी तिने कानाला खडा लावला. जे काय असेल ते ताटात एकदा वाढायची आणि भांडी मधे ठेवून बाजूला बसायची. मागितलं की लगेच द्यायची, हवं तेवढं द्यायची. पण आपणहून घे म्हणायची नाही. आमच्या घरात, जिथे पाहुण्याच्या हातातून ताट ओढून घेऊन वाढतात, तिथे हे म्हणजे अपमानच. माझी पोरं सुटीत तिच्याकडे जाऊन आली की म्हणायची, मोठी मावशी चिकट आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण पोरांना काय सांगणार.

एकदा मीच भडकले. तिच्याकडे जेवायला बसले होते, भूक होती आणि मुद्दाम मागत नव्हते. शेवटी ताट सरकवून म्हटलं, "ताई, मी काय सरडा आहे? मला वाढलं तर मरेन का?"

ती म्हणाली, "तुला अंडं आवडायचं?"

"लहानपणी? नाही. वास यायचा."

"मग खायचीस का?"

"तू मगर करायचीस म्हणून."

"मी विचारलं नव्हतं तुला. कधीच नाही," ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा झाला की माझीच मान खाली गेली. मी म्हटलं अगं मी अंग धरलं ना, मेले का मी. ती म्हणाली, "तू नशिबाने माणूस निघालीस." आणि मग आम्ही दोघी हसलो थोडं. भाजी मी मागून घेतली.

तिची नोकरी संपत आली होती त्या सुमाराची गोष्ट. एक दिवस ती कामावरून थेट माझ्याकडे आली, चपलाही न काढता दारात उभी. मला वाटलं कोणी गेलं. म्हणाली, पालेभाऊ आज चहाला गेले आणि सुरी टेबलावर ठेवून गेले. जाता जाता म्हणाले, ताई, जरा लक्ष असू द्या.

"विसरले असतील," मी म्हटलं.

"विसरणारा माणूस लक्ष ठेवा म्हणतो का?"

"मग तू काय केलंस?"

"उभी राहिले."

"हात लावलास?"

"वेडी आहेस का. ते येईपर्यंत मोरीवरून हलले नाही. मुकादमाने ताटं मागितली तर म्हटलं थांबा, मला काम आहे. चहा पिऊन आले, सुरी उचलली, खिळ्याला लावली." एवढं सांगून ती खाली बसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं. आनंद झाला असेल असं मी म्हणेन, पण नुसता आनंद नव्हता तो. ती म्हणाली, "मला वाटलं होतं त्यांनी सुरी ठेवली की माझ्या छातीवरचं उतरेल. उतरलं नाही गं. उलट जास्त लाज वाटली. ते विसरायला तयार झाले."

ताईने शेवटपर्यंत घरातली रीत बदलली नाही.

तर परवा ते पालेभाऊ आले. पाठीला पट्टा, हातात काठी. खूप बसले, बोलले कमी. जेवायची वेळ होती म्हणून आम्ही त्यांनाही बसवलं. ताईच्या नणंदबाई वाढायला पुढे, पळी घेऊन उभ्याच. "घ्या हो, अजून घ्या, एवढ्याने काय होतं, लाजू नका." पालेभाऊंनी ताटावर हात आडवा धरला.

"लागलं की मागेन."

"असं कसं? आमच्यात असं चालत नाही."

"ताईंच्या घरी चालतं," ते म्हणाले. "त्यांनीच सांगितलं होतं मला. आमच्याही घरी तसंच करतो आता."

नणंदबाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, हे पण तिच्यातलेच. मी त्यांच्या हातातून पळी घेतली आणि पालेभाऊंच्या समोर बसले, ताई बसायची तशी, भांडं मधे ठेवून. म्हातारा माणूस, सावकाश खात होता. पुन्हा पुन्हा माझा हात भांड्याकडे जात होता आणि मी तो मागे घेत होते. किती कठीण असतं ते, मला तेव्हा कळलं.

मग त्यांनी ताट पुढे केलं. म्हणाले, "थोडी भाजी द्या."

मी दिली.